गरोदरपणातील तपासण्या आणि खर्चाचे संरक्षण : कोणती नोंद, केव्हा, कोणत्या कागदावर

गरोदरपणातील वैद्यकीय सेवा आणि तिच्या खर्चाची तरतूद या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात बऱ्याच प्रमाणात उपलब्ध आहेत. तरीही अनेक कुटुंबांना त्या अर्ध्यामुर्ध्याच मिळतात. याचे मुख्य कारण असे की, चांगल्या डॉक्टरांकडे फाईल तयार झाली की सगळी नोंद झाली, असा समज पक्का असतो. प्रत्यक्षात तीन स्वतंत्र ठिकाणी तीन स्वतंत्र नोंदी कराव्या लागतात : तपासणी करणाऱ्या डॉक्टरांकडे, शासकीय आरोग्य यंत्रणेकडे, आणि खर्च उचलणाऱ्याकडे, म्हणजे मालक, विमा कंपनी, राज्य कामगार विमा किंवा एखादे कल्याणकारी मंडळ यांच्याकडे. एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचत नाही. पुढचे टप्पे महाराष्ट्रातील व्यवस्थेला धरून आणि ज्या क्रमाने करायचे त्याच क्रमाने दिले आहेत.

टप्पा १ : तारीख आणि नाव निश्चित करणे

पाळी चुकल्यावर घरच्या घरी किंवा उपकेंद्रात लघवीची चाचणी करून घ्यावी आणि ती होकारार्थी आली की सर्वप्रथम शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी. पाळी संपल्याची किंवा चुकल्याची तारीख येथे चालत नाही. या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की प्रसूतीची अपेक्षित तारीख मिळते. तपासण्यांचे आठवडे, मातृवंदना योजनेची (गरोदर स्त्रीला रोख मदत देणारी शासकीय योजना, टप्पा ४ पाहा) मुदत आणि नोकरीतील रजेची पात्रता हे सर्व याच दोन तारखांवरून मोजले जाते. पाळी अनियमित असल्यास पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीवरून डॉक्टर वय ठरवतात. तसे झाल्यास डॉक्टरांनी कोणती तारीख धरली आहे ते कागदावर लिहून घ्यावे आणि पुढे सर्वत्र तीच द्यावी.

दुसरी गोष्ट नावाची. लग्नानंतर आधार कार्ड माहेरच्या नावाने, बँक खाते सासरच्या नावाने आणि शिधापत्रिकेत नावच नाही, अशी स्थिती फार घरांत असते. अर्ज अडकण्याचे हे सर्वात मोठे कारण आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की, एकतर पहिल्या दोन महिन्यांतच आधार आणि बँक दोन्हीकडे नाव बदलून घ्यावे, किंवा बाळंतपण होऊन सर्व रक्कम जमा होईपर्यंत काहीच बदलू नये. माहेरच्या नावाने आधार असले तरी लाभ मिळतो. मात्र आधार, बँक खाते आणि अर्ज या तिन्हींवर अक्षरशः तेच नाव हवे. मध्येच एक कागद बदलला की बाकीचे दोन निरुपयोगी ठरतात.

तपासा : आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक चालू आहे का आणि तो कोणाच्या हातात असतो? ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. तो क्रमांक वडिलांचा किंवा बंद पडलेला असल्यास आत्ताच बदलावा.

टप्पा २ : बारा आठवड्यांच्या आत शासकीय नोंदणी

गावात आशा कार्यकर्ती किंवा उपकेंद्रातील आरोग्य सेविका, शहरात महानगरपालिकेचे आरोग्य केंद्र किंवा प्रसूतिगृह, येथे बारा आठवडे पूर्ण होण्याच्या आत नाव नोंदवावे. सर्व तपासण्या आणि प्रसूती खासगी रुग्णालयात करायची ठरली असली तरी ही नोंदणी टाळू नये. नोंदणीनंतर माता व बाल संरक्षण कार्ड मिळते आणि संगणकीय प्रणालीत आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) क्रमांक तयार होतो. खासगी डॉक्टरांची फाईल कितीही जाड असली तरी हे कार्ड आणि हा क्रमांक यांची जागा ती घेऊ शकत नाही.

नोंदणीच्या वेळी आधार, बँक पासबुक, मोबाईल क्रमांक, शिधापत्रिका आणि आधीच्या बाळंतपणाचे किंवा गर्भपाताचे कागद बरोबर असावेत. पूर्वीचा गर्भपात, सिझेरियन, रक्तस्राव, रक्तदाब, झटके किंवा बाळ दगावण्याची घटना संकोचामुळे लपवली जाते. ही माहिती दिली तरच गरोदरपण जोखमीचे आहे की नाही हे ठरते आणि पुढच्या तपासण्यांची संख्या त्यावर अवलंबून असते. सासूबाईंसमोर सांगणे अवघड वाटत असेल, तर आरोग्य सेविकेला एकटीने भेटावे.

त्याच आठवड्यात अंगणवाडीतही नाव द्यावे. घरपोच आहाराची नोंद तेथे होते, आणि आदिवासी क्षेत्रात अमृत आहार योजनेतील एक वेळचे गरम, चौरस जेवणही तेथूनच मिळते.

तपासा : घरी येण्यापूर्वी कार्डावर आरसीएच क्रमांक, शेवटच्या पाळीची तारीख, प्रसूतीची अपेक्षित तारीख आणि पहिल्या तपासणीची तारीख लिहिली आहे का ते पाहावे. रकाना रिकामा असल्यास तेथेच भरून घ्यावा. कार्डाच्या सर्व पानांची छायाचित्रे मोबाईलमध्ये ठेवावीत.

टप्पा ३ : खर्च कोण उचलणार, हे चौथ्या महिन्यापूर्वी ठरवणे

येथे घाईने घेतलेला निर्णय सर्वात महाग पडतो. एकच पर्याय निवडायचा असतो असे नाही. पण प्रत्येकाच्या अटी वेगळ्या असल्याने ते एकेक करून तपासावेत.

शासकीय रुग्णालय. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून लागू आहे. त्याखाली शासकीय संस्थेत प्रसूती मोफत आहे आणि यात सिझेरियनही येते. औषधे, तपासण्या, गरज पडल्यास रक्त, साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंतचा आहार, घरून रुग्णालयात, तेथून वरच्या रुग्णालयात आणि परत घरी पोहोचवणारे वाहन यांचा त्यात समावेश आहे. उत्पन्नाची अट नाही. आजारी बाळाच्या उपचारांनाही, एक वर्षाच्या वयापर्यंत, हेच संरक्षण आहे. बाहेरून औषध आणण्यास किंवा बाहेर तपासणी करण्यास सांगितले गेल्यास लेखी चिठ्ठी मागावी आणि वैद्यकीय अधीक्षकांना भेटावे.

जननी सुरक्षा योजना. महाराष्ट्रात ही मदत दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जातीच्या आणि अनुसूचित जमातीच्या महिलांना आहे. संस्थेत प्रसूती झाल्यास ग्रामीण भागात ७०० आणि शहरी भागात ६०० रुपये मिळतात. रक्कम लहान असली तरी प्रसूतीनंतर वेगळा खटाटोप लागू नये, म्हणून जातीचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेचा पुरावा आधीच आशाताईंकडे द्यावा.

नोकरी करणारी स्त्री. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे आणि त्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. दोन अपत्ये हयात असल्यास रजा १२ आठवड्यांची असते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेला हा बदल सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. अट अशी की, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे. मालकाने मोफत वैद्यकीय सोय केली नसल्यास ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनसही देय असतो.

इशारा : पाचव्या महिन्यात राजीनामा देऊन “नंतर बघू” असे म्हणणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. राजीनामा दिला की हा हक्क मागणे फार कठीण होते. गरोदरपणामुळे कामावरून काढणे बेकायदेशीर आहे; म्हणून दबाव आला तरी लेखी राजीनामा देऊ नये. रजेची सूचना लेखी द्यावी आणि तिच्या प्रतीवर पोच घ्यावी.

राज्य कामगार विमा. महिन्याचे वेतन २१,००० रुपयांपर्यंत असल्यास आणि पगारातून या विम्याची कपात होत असल्यास प्रसूती लाभ मालकाकडून न मिळता महामंडळाकडून मिळतो. आधीच्या लागोपाठ दोन अंशदान कालावधींत (प्रत्येकी सहा महिन्यांच्या) मिळून किमान ७० दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते. तेव्हा सरासरी रोजच्या वेतनाइतकी रक्कम २६ आठवडे मिळते. नवरा विमाधारक असेल, तर पत्नीला वैद्यकीय सेवा मिळते, वेतनाचा लाभ मिळत नाही. हा फरक अनेकांना प्रसूतीनंतर समजतो. पत्नीचे नाव विमा कार्डावर चढलेले आहे का ते आजच पाहावे.

बांधकाम कामगार. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असल्यास पहिल्या दोन अपत्यांसाठी नैसर्गिक प्रसूतीला १५,००० आणि शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीला २०,००० रुपयांचे साहाय्य आहे. नोंदणीचे नूतनीकरण झालेले नसेल तर अर्ज बाद होतो. त्यामुळे ते गरोदरपणातच करून घ्यावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असले तरी ते ठरावीक उपचारांसाठी आणि त्या उपचाराची मान्यता असलेल्या रुग्णालयांतच मिळते. “कार्ड आहे, म्हणजे कोणत्याही खासगी दवाखान्यात बाळंतपण मोफत होईल” असे गृहीत धरू नये. रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाला, आपल्या फाईलसह भेटून कोणता उपचार बसतो आणि कोणता बसत नाही हे आधी विचारावे.

खासगी आरोग्य विमा. दिवस गेल्यानंतर विकत घेतलेली वैयक्तिक पॉलिसी त्या बाळंतपणाला उपयोगी पडत नाही, कारण प्रसूतीसाठी प्रतीक्षा कालावधी असतो आणि तो बहुधा दोन ते चार वर्षांचा असतो. प्रसूतीचे कलम नसलेल्या साध्या पॉलिसीत सिझेरियन आणि गर्भपातही वगळलेले असतात. गर्भनलिकेतील गर्भधारणा मात्र या वगळणुकीतून मोकळी आहे आणि तिचा दावा करता येतो. नोकरीतील सामूहिक विम्यात पुष्कळदा पहिल्या दिवसापासून प्रसूतीचे संरक्षण असते. त्यासाठी पाच प्रश्न लेखी विचारावेत : नैसर्गिक प्रसूतीची मर्यादा किती, सिझेरियनची किती, खोलीभाड्याची मर्यादा किती, प्रसूतीपूर्व बाह्यरुग्ण तपासण्या त्यात येतात का, आणि नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे की काही दिवसांनंतर. खोलीभाड्याच्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतल्यास अनेक पॉलिसींत डॉक्टरांच्या आणि शस्त्रक्रियेच्या खर्चालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. नवजात अतिदक्षता कक्षाचा खर्च प्रसूतीच्या खर्चापेक्षा कितीतरी अधिक होऊ शकतो. त्यामुळे शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे.

टप्पा ४ : प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा अर्ज

पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. त्यांपैकी ३,००० रुपये गरोदरपणाची नोंदणी आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाल्यावर मिळतात. उरलेले २,००० रुपये बाळाची जन्मनोंदणी आणि चौदा आठवड्यांपर्यंतचे लसीकरण झाल्यावर मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एकरकमी मिळतात आणि त्यासाठी जन्मापासून २७० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. मात्र त्या गरोदरपणातही नोंदणी आणि तपासणी झालेली असावी लागते.

पात्रतेसाठी पुढीलपैकी एक पुरावा पुरतो : वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी असल्याचा दाखला, अन्नसुरक्षा यादीतील शिधापत्रिका, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचे जॉब कार्ड, किसान सन्मान निधीचा लाभ, आयुष्मान कार्ड, अनुसूचित जाती किंवा जमातीचा दाखला किंवा किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र. शासकीय किंवा सार्वजनिक उपक्रमातील नियमित नोकरी असलेल्या, तसेच अन्य कायद्याखाली असाच लाभ घेणाऱ्या स्त्रिया यात बसत नाहीत.

अर्ज अंगणवाडी सेविकेमार्फत किंवा आशा कार्यकर्तीमार्फत करावा, किंवा योजनेच्या संकेतस्थळावर स्वतः भरावा. अर्जापूर्वी बँकेत जाऊन एक गोष्ट नेमकेपणाने विचारावी : “माझे आधार या खात्याला थेट लाभासाठी जोडलेले आहे का?” खाते उघडताना ओळखपत्र म्हणून आधार दिलेले असणे वेगळे आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी ते खात्याला संलग्न असणे वेगळे. पैसे आधारशी शेवटी संलग्न झालेल्या खात्यातच जातात. लग्नापूर्वी माहेरच्या गावात उघडलेले आणि आता बंद पडलेले खाते संलग्न राहिले असेल, तर अर्जात दुसरे खाते लिहूनही हप्ता येत नाही. कोणते खाते संलग्न आहे हे आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर ओटीपी टाकून पाहता येते.

तपासा : खाते त्या स्त्रीच्या स्वतःच्या नावाचे आहे का? ते निष्क्रिय झाले आहे का? अर्जातील शेवटच्या पाळीची तारीख कार्डावरच्या तारखेशी जुळते का? अर्ज क्रमांक लिहून घेतला का?

टप्पा ५ : तपासण्या, त्यांच्या आठवड्यांप्रमाणे

किमान चार भेटी आवश्यक आहेत : पहिली बारा आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६ आठवड्यांत, तिसरी २८ ते ३४ आठवड्यांत आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर. जोखीम असल्यास भेटी वाढतात. प्रत्येक भेटीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतील प्रथिने आणि साखर, पोटाची तपासणी आणि योग्य त्या आठवड्यापासून बाळाचे ठोके पाहिले जातात. कार्डावर आकडा लिहिल्याशिवाय भेट पूर्ण झाली असे मानू नये.

पहिल्या भेटीत रक्तगट व आरएच, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी आणि साखर यांच्या चाचण्या होतात. आईचा रक्तगट निगेटिव्ह असल्यास वडिलांचा गटही तपासून घ्यावा आणि गरज असल्यास घ्यायच्या अँटी-डी इंजेक्शनची तारीख डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. साखरेच्या चाचणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा त्याहून अधिक आल्यास गरोदरपणातील मधुमेह समजला जातो. पहिली चाचणी ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत ती पुन्हा करावी लागते. ही दुसरी चाचणी सर्रास राहून जाते. गावातील अनेक स्त्रिया याच सुमारास शेतीच्या हंगामात किंवा ऊसतोडीला स्थलांतरात असतात. त्यांनी कार्ड बरोबर नेऊन जेथे असतील तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात चाचणी करून घ्यावी.

सोनोग्राफीमध्ये ११ ते १३ आठवड्यांची आणि १८ ते २० आठवड्यांची अशा दोन महत्त्वाच्या आहेत. व्यंग शोधणारी दुसरी सोनोग्राफी उशिरा केली तर निदान झाल्यावर निर्णयासाठी वेळ उरत नाही. सोनोग्राफीपूर्वी कायद्यानुसार एक फॉर्म भरून सही घेतली जाते. तो सर्वांसाठी सक्तीचा आहे. बाळाचे लिंग विचारणे आणि सांगणे हे दोन्ही गुन्हे आहेत.

गोळ्यांबाबत चुका फार होतात. पहिल्या तिमाहीत फॉलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी किमान १८० दिवस आणि १४ आठवड्यांपासून दिवसातून दोनदा कॅल्शियम असा क्रम आहे. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नये. दोन्हींमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी चहा, कॉफी किंवा दुधाबरोबर घेतली तर तिचा उपयोग कमी होतो. जेवणानंतर थोड्या वेळाने लिंबूपाण्याबरोबर घेतलेली बरी. शौच काळी होणे धोक्याचे नाही. मळमळ होते म्हणून गोळ्या डब्यात साठवू नयेत. डॉक्टरांना सांगून वेळ किंवा औषध बदलून घ्यावे. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय आणि ७ पेक्षा कमी म्हणजे तातडीने मोठ्या रुग्णालयात जाण्याची स्थिती. धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने घ्यायचे असतात. मागच्या तीन वर्षांच्या आतील गरोदरपणात दोन्ही घेतले असल्यास एक बूस्टर पुरतो.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली शासकीय रुग्णालयांत दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. खासगी उपचार चालू असलेल्या स्त्रियांनीही किमान एकदा तेथे जावे. दुसरे मत मिळते आणि शासकीय नोंदीत तपासणीची भर पडते.

इशारा : रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा धूसर दिसणे, चेहऱ्यावर व हातांवर सूज, झटके, पाणी जाणे, जोराचा ताप, पोटात असह्य वेदना किंवा बाळाची हालचाल कमी होणे यांपैकी काहीही जाणवल्यास पुढच्या भेटीची वाट पाहू नये. रक्तदाब १४०/९० किंवा अधिक आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.

टप्पा ६ : माहेरी जाण्यापूर्वी

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे. सातव्या-आठव्या महिन्यात डोहाळेजेवण उरकून मुलगी माहेरी जाते आणि नोंदी मात्र सासरीच राहतात. जाण्याच्या आठ दिवस आधी सासरच्या आशाताईंना आणि आरोग्य सेविकेला जाण्याची तारीख आणि माहेरचा पत्ता सांगावा. माहेरी पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तेथील आरोग्य सेविकेला कार्ड व आरसीएच क्रमांक दाखवावा. नवी नोंदणी करू नये; जुन्याच क्रमांकावर पुढच्या नोंदी होतात. दुहेरी नोंदणीमुळे मातृवंदनेचा हप्ता अडकू शकतो.

बरोबर न्यायच्या पिशवीत मूळ कार्ड, सर्व अहवाल, सोनोग्राफीच्या प्रती, रक्तगटाचा कागद, आईचे व वडिलांचे आधार, पासबुक, शिधापत्रिका आणि विम्याचे कार्ड असावे. विमा असल्यास माहेरच्या गावाजवळचे कोणते रुग्णालय त्या कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे, हे निघण्यापूर्वी पाहावे; यादी पुण्याची आणि बाळंतपण परभणीला, अशी गत होऊ नये.

टप्पा ७ : प्रसूतीचे ठिकाण आणि वाहन

छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत दोन रुग्णालये ठरवावीत : एक जेथे जायचे ते आणि दुसरे, गुंतागुंत झाल्यास जेथे सिझेरियन, रक्त आणि नवजात कक्ष उपलब्ध आहे ते. आधीचे सिझेरियन, जुळे, आडवे बाळ किंवा तीव्र रक्तक्षय असल्यास उपकेंद्रात प्रसूतीचा विचारच करू नये. थेट उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय ठरवावे. दुर्गम आदिवासी भागात, जेथे आरोग्य केंद्राजवळ माहेरघराची (प्रसूतीआधी गरोदर मातेने राहण्याच्या जागेची) सोय आहे, तेथे अपेक्षित तारखेच्या काही दिवस आधीच जाऊन राहणे सर्वात सुरक्षित आहे.

गरोदर मातांसाठी १०२ आणि आणीबाणीसाठी १०८ हे क्रमांक घरातील प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असावेत. रात्री वाहन न मिळाल्यास कोणाची गाडी मागायची, तेही आधीच ठरवून ठेवावे.

विम्यावर प्रसूती होणार असल्यास ठरलेल्या सिझेरियनसाठी पूर्वपरवानगीचा अर्ज स्त्री रुग्णालयात दाखल होण्याच्या दोन-तीन दिवस आधी तेथील विमा कक्षात द्यावा. नैसर्गिक प्रसूतीत कळा सुरू झाल्यावर धावपळ होते. म्हणून ओळखपत्रे आणि अर्ज तेथे आधीच जमा करून ठेवावेत.

टप्पा ८ : जन्मानंतरचे सहा आठवडे

रुग्णालय सोडण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावरील आईचे नाव आधारप्रमाणे आहे का, हे वाचून पाहावे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. रुग्णालय ती पाठवते, पण पाठवली की नाही हे पाहणे कुटुंबाचे काम आहे. बाळाचे नाव ठरले नसल्यास नोंद थांबवू नये. नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते. आईवडिलांच्या नावांचे स्पेलिंग मात्र पहिल्याच वेळी बरोबर द्यावे, कारण १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला जन्माचा पुरावा धरला जातो.

सामूहिक विम्यात बाळाचे नाव घालण्याची मुदत लहान असते. त्यामुळे जन्माच्या पहिल्या आठवड्यातच कार्यालयाला लेखी कळवावे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी खासगी दवाखान्यात दिल्या तरी त्यांची नोंद माता व बाल संरक्षण कार्डावर आरोग्य सेविकेकडून करून घ्यावी. मातृवंदनेचा दुसरा हप्ता त्या नोंदीवरच अवलंबून आहे.

आशाताईंच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अपेक्षित असतात. बाळाचे वजन होते आणि आईकडे कोणी पाहत नाही, असे या काळात घडते. कपडे भिजवणारा रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, ताप, टाक्यांतून पू, पोटरीत एकाच बाजूची दुखरी सूज, किंवा सतत रडू येऊन बाळाकडे लक्षच न लागणे ही लक्षणे दिसल्यास आईला लगेच रुग्णालयात न्यावे. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या प्रसूतीनंतरही १८० दिवस चालू ठेवायच्या आहेत. त्या उपकेंद्रात मोफत मिळतात.